शिसवी स्टॉकला दोन पाय

रायफलीला बायपॉड, म्हणजे पुढून टेकवायचे दोन पाय, घ्यायचा म्हटलं की बहुतेक जण आधी पायांकडे बघतात. पाय किती उंच होतात, खाचेत अडकतात की नुसते सरकतात, ॲल्युमिनियमचे की कार्बन फायबरचे, किंमत किती. मी उलट्या बाजूने सुरुवात करते. स्टॉक, म्हणजे रायफलीचा धरायचा दस्ता, लाकडाचा असेल तर आधी लाकूड बघावं. त्यातही नळीखालचा पुढचा भाग, आणि धातूचा भाग बसवायची आतली खाच कोरल्यावर तिथे किती लाकूड शिल्लक राहिलंय ते. पाय कितीही भारी घेतले आणि सांधा कच्चा राहिला, तर रायफल स्थिर दिसते, पण नेम हलतोच. आणि तो कुठून हलतोय हे कळायला मार्ग नसतो, हे त्याहून वाईट.

हा सगळा अभ्यास मामाच्या रायफलीमुळे झाला. मामा ठाण्यात नौपाड्यात राहतो, घंटाळी देवीच्या देवळापासून दोन मिनिटांवर. कॉलेजात एनसीसीत असताना त्याला पॉइंट टू टू रायफलीचा नाद लागला. मग नोकरी, लोकल, आजीची आजारपणं, आणि नाद मागे पडला तो थेट निवृत्तीनंतर परत आला. आता त्याने सत्तरी ओलांडली आहे आणि डावा खांदा धरला आहे. उजव्या हाताने नेम धरणाऱ्याच्या रायफलीचं वजन डाव्या हातावर असतं, त्यामुळे उभं राहून चार किलोची रायफल पेलायला डॉक्टरांनी साफ मनाई केली. डोळा मात्र अजून चांगला आहे, श्वास चांगला आहे, आणि ट्रिगरवरचं बोट तर माझ्यापेक्षा कितीतरी शांत आहे. खांदा गेला म्हणून बाकीचं सगळं माळ्यावर टाकायचं, हे मला पटेना.

मामाकडे दोन एअर रायफली आहेत. पहिली आजोबांची, आयएचपीची. इंडियन ह्यूम पाइप ही वालचंद हिराचंद यांची, सिमेंटचे मोठाले पाइप बनवणारी मुंबईची कंपनी. तिने एके काळी एअर रायफलही काढली होती. आजोबांची ती रायफल स्प्रिंगची आहे, लाकडी स्टॉकची, आणि अजून ठणठणीत चालते. दुसरी मामाने निवृत्तीच्या पैशांतून घेतलेली पीसीपी, म्हणजे आधीच दाबाने हवा भरून ठेवायची. नळीखालच्या लांब सिलिंडरमध्ये दोनशे बार दाबापर्यंत हवा भरायची आणि प्रत्येक वेळी झडप त्यातली मोजकी हवा छर्‍यामागे सोडते. हिचा स्टॉक शिसवीचा आहे, काळपट तपकिरी, मधूनच जांभळ्या रेषा असलेला. दोन्हींचा बोअर, म्हणजे नळीचा आतला व्यास, ४.५ मिलिमीटर. २०१६ च्या शस्त्र नियमांप्रमाणे या बोअरच्या आणि २० ज्यूलच्या आतल्या एअर रायफलीला परवाना लागत नाही. तरी सोसायटीच्या लिफ्टमधून ती जाते ती केसमध्ये बंद आणि रिकामी, आणि नेम फक्त कागदावर. पक्ष्याप्राण्यांसाठी १९७२ चा वन्यजीव कायदा आहे, पण मामाच्या घरात हा नियम त्याहून जुना आहे. आजोबांनी घालून दिलेला.

मामाच्या मित्राची मुरबाडकडे शेती आहे. तिथे मागे मातीचा उंच बांध आहे, त्याच्यापुढे टार्गेट लावायचं आणि पंचवीस नाहीतर पन्नास मीटरवर टेबल मांडून बसायचं. बसून, कोपर टेकवून, खांद्यावर भार न घेता. त्यासाठी बायपॉड.

मामाला तो आधी आजोबांच्या रायफलीला हवा होता. "अगं, जुनीला लाव ना आधी. तिच्यावरच शिकलोय मी घरी."

"मामा, तिला नको. ती स्प्रिंगची आहे."

"मग काय झालं?"

हे मला त्याला कागदावर काढून दाखवावं लागलं. स्प्रिंगच्या रायफलीत ट्रिगर सुटला की आत दाबून धरलेली स्प्रिंग एक जड पिस्टन पुढे फेकते. पिस्टन पुढे धावतो म्हणून रायफल मागे येते. मग तो पिस्टन पुढे दाबल्या गेलेल्या हवेवर जाऊन आदळतो आणि रायफल पुढे उसळते. ही सगळी मागेपुढे हालचाल छर्रा नळीत असतानाच सुरू होते, त्यामुळे रायफलीला त्या क्षणी कुणी कसं धरलंय याचा थेट परिणाम छर्रा कुठे लागतो यावर होतो. म्हणून ही रायफल आवळून धरायची नसते. डावा तळवा उघडा ठेवायचा, त्यावर ती नुसती टेकवायची, बोटं मिटायची नाहीत, खांद्याला जेमतेम स्पर्श, आणि तिला हवी तशी उडू द्यायची. टॉम गेलॉर्ड या अमेरिकन एअरगन लेखकाने या पकडीला 'आर्टिलरी होल्ड' असं नाव दिलंय. अशा रायफलीला धातूचे दोन कडक पाय लावले की तिची उडी मोकळी राहत नाही. टेबलाचा कडकपणा, पायांचा ताण, पायाखालची जमीन, या सगळ्यांनी ती दर वेळी वेगळी वळते आणि कागदावर एका जागी जमणारा भोकांचा ग्रुप फाकतो. म्हणजे आजोबांच्या लाकडाला भोक पाडायचं आणि वर नेमही घालवायचा.

मामा थोडा वेळ कागदाकडे बघत राहिला. मग म्हणाला, "बरं, आजोबांचीला हात नको लावूस." पीसीपीत पिस्टन नसतो, धक्का नावालाच असतो, तिला पाय चालतात. तिच्यावर ठरलं.

पण मग तो दुसऱ्याच ठिकाणी अडला. टेकू लावून नेम धरायचा, तर तो नेम माझा की टेकूचा? हा प्रश्न मी हसून सोडून दिला नाही, कारण तो खरा आहे. ऑलिंपिकच्या कुठल्याही रायफल प्रकारात बायपॉड चालत नाही. रुद्रांक्ष पाटील आपल्या ठाण्याचाच. २०२२ मध्ये कैरोला तो १० मीटर एअर रायफलचा जगज्जेता झाला, तो उभ्याने. पाठीचा कणा थोडा मागे झुकवून, डावं कोपर कमरेच्या हाडावर टेकवून, स्वतःच्या सांगाड्यावर रायफल तोलून. त्या प्रकारात दहा गुणांचा ठिपका अर्ध्या मिलिमीटरचा असतो आणि पात्रता फेरीचे ६० शॉट ७५ मिनिटांत मारायचे असतात. २०२४ मध्ये पॅरिसला कोल्हापूरकडच्या स्वप्नील कुसाळेने ५० मीटर थ्री पोझिशनमध्ये कांस्यपदक मिळवलं. त्यात गुडघ्यावर बसून, पालथं झोपून आणि उभ्याने असे तिन्ही प्रकार येतात. झोपून मारतानाही आधार काय, तर दंडाला बांधलेला स्लिंगचा पट्टा आणि जमिनीवर टेकलेली दोन कोपरं. मामाने आयुष्यभर हेच नेमबाजीचं मोजमाप मानलं. त्यामुळे दोन लोखंडी पाय त्याला फसवणूक वाटत होते.

मी त्याला पॅरा नेमबाजीतला एसएच-२ वर्ग दाखवला. ज्यांच्या हातांना रायफलीचं वजन पेलवत नाही अशा खेळाडूंसाठी तो आहे. त्यांची रायफल एका स्टँडवर ठेवलेली असते आणि त्या स्टँडच्या डोक्याशी स्प्रिंग असते. ती मुद्दाम असते. कडक आधार दिला तर रायफल आपोआप स्थिर राहील. स्प्रिंगमुळे वजन पेललं जातं पण नेम खेळाडूलाच धरावा लागतो. नियम करणाऱ्यांनी वजन पेलणं आणि नेम धरणं किती विचारपूर्वक वेगळं केलंय ते त्या एका स्प्रिंगमधून कळतं. मामाने तो व्हिडिओ परत लावायला सांगितला. बायपॉड स्प्रिंगच्या स्टँडपेक्षा जास्त मदत करतो हे खरंच आहे, ते मी लपवलं नाही. पण त्यावर बसूनही ट्रिगर बाजूला ओढला तर छर्रा बाजूला जातो, गाल कधी जास्त दाबला कधी कमी तर वरखाली जातो. उभ्याने मारताना या चुका हाताच्या थरथरीत मिसळून जातात. आधारावर त्या एकेक वेगळ्या दिसायला लागतात.

मामा म्हणाला, "म्हणजे परत शिकायचंच आहे." आणि तयार झाला.

आता पायांकडे. अमेरिकेत केंटकीतली हॅरिस ही यातली जुनी आणि सगळ्यात जास्त नक्कल झालेली कंपनी. तिच्या बायपॉडचे पाय स्प्रिंगच्या ताणाने दुमडतात, आणि तो स्टॉकच्या पोटाखाली असलेल्या स्लिंगच्या स्टडला, म्हणजे पट्टा अडकवायच्या खुंटीला, पकडतो. दोन बाजूंनी दोन खिळ्यांसारखी टोकं स्टडच्या आडव्या भोकात शिरतात, मग चाक आवळलं की स्टड खाली ओढला जातो आणि बायपॉडची रबर लावलेली बैठक लाकडावर दाबून बसते. लाकडी स्टॉकसाठी यापेक्षा सोपी रचना मला माहीत नाही. ॲटलसच्या जातीचे बायपॉड रेलवर, म्हणजे आडव्या खाचांच्या धातूच्या पट्टीवर, बसतात, त्यांचे पाय पुढेमागे वेगवेगळ्या कोनांत लावता येतात, पण किंमत बरीच वर जाते. बाजारात दोन्हींच्या भरपूर नकला आहेत. नक्कल वाईटच असते असं नाही. घेताना पाय पूर्ण लांब करून, हातात धरून, टोकाशी हलवून बघावं. सांध्यात टकटक होत असेल तर खाली ठेवावं.

उंचीबाबत लोक हावरटपणा करतात. सहा ते नऊ इंची, नऊ ते तेरा इंची आणि त्याहून उंच बसून वापरायचे असे साधारण टप्पे मिळतात. लांब पाय घेतले की कुठेही चालतील असं वाटतं, पण पाय जितके लांब तितके ते लवचीक. टेबलावर आणि सपाट जमिनीवर सहा ते नऊ इंच पुरतात. शेतात गवतावर झोपून मारायचं असेल तर मधला. मामा टेबलावर बसणार, म्हणून लहान घेतला, खाचांच्या पायांचा. कारण त्याच्या बोटांना पाय ठरावीक खाचेत टक्कन अडकलेले कळतात.

एक गोष्ट मात्र सोडू नये. बैठक डावीउजवीकडे कलंडणारी हवी. जमीन सपाट नसते, टेबलही नसतं, आणि रायफल सरळ उभी राहायला हवी. ती कलंडली तर छर्रा कलंडलेल्या बाजूला आणि खाली जातो. आमच्या छर्‍याचा वेग नळीच्या तोंडाशी सेकंदाला २६०-२७० मीटरच्या आसपास. पन्नास मीटर जाईपर्यंत तो नळीच्या रेषेपासून वीसेक सेंटीमीटर पडलेला असतो, आणि स्कोप हे पडणं धरूनच लावलेला असतो. रायफल तीन अंश जरी कलंडली तरी त्या विसातला सेंटीमीटरभर आडवा जातो. पन्नास मीटरवर सेंटीमीटर म्हणजे चांगला शॉट वाया. म्हणून स्कोपवर पाण्याच्या बुडबुड्याची छोटी पातळी लावली आणि बैठकीचा कल इतकाच सैल ठेवला की मनगटाने वळवता यावा, पण रायफलीच्या वजनाने आपोआप ढळू नये.

मग आला मुख्य प्रश्न, जोडायचं कुठे.

नळीला कधीच नाही. नळी मोकळी राहायला हवी. तिला धरलं की तिचं कंपन बदलतं आणि मारा सरकतो. सिलिंडरला क्लॅम्प लावून बायपॉड अडकवणारे बरेच आहेत, लाकडाला भोक पाडावं लागत नाही म्हणून. मला ते मान्य नाही. सिलिंडरवर आणि नळीवर मिळून एक पट्टी असते, त्यामुळे सिलिंडरवर आलेला रेटा नळीपर्यंत पोचतो. शिवाय दोनशे बारच्या भांड्याला आपण आडवा ताण का द्यावा? लाकूड आणि नळी यांचं नातं जुन्या रायफली बनवणाऱ्यांनी फार गंभीरपणे घेतलं होतं. ली-एनफील्डमध्ये पुढच्या लाकडाने नळीला टोकाशी ठरावीक वरचा दाब द्यावा अशी रचना होती, आणि तो दाब नीट आहे की नाही हे आरमोरर, म्हणजे शस्त्रं दुरुस्त करणारा कारागीर, तपासत असे. आपल्याकडच्या रायफलीत नळी मोकळीच ठेवायची आहे, पण मुद्दा तोच, लाकडाचा स्पर्श ही हिशेबाची गोष्ट आहे.

राहिले दोन पर्याय. पोटाखाली पिकॅटिनी रेलचा छोटा तुकडा दोन स्क्रूंनी बसवायचा, नाहीतर एक स्टड. रेलचं माप अमेरिकन लष्कराने १९९५ मध्ये पक्कं केलं, त्यामुळे रेलचा कुठलाही बायपॉड त्यावर बसतो, आणि दोन स्क्रूंत भार वाटला जातो हा खरा फायदा. पण शिसवी स्टॉकचं पोट गोल आहे. सपाट रेल बसवायची तर ते पोट तासावं लागणार. मामाने स्टॉकवरून हात फिरवला आणि काहीच बोलला नाही, तेव्हाच मी स्टड ठरवला.

चरईत एक सुतारकाका आहेत, जुन्या दरवाजांची आणि देव्हाऱ्यांची कामं करणारे. धातूचा भाग सगळा काढून नुसता स्टॉक मी त्यांच्याकडे नेला. त्यांनी खाचेत बोट फिरवलं, बाहेरून अंगठा लावला आणि म्हणाले, "ताई, इथं लाकूड फार नाही. लाकडाचा स्क्रू मारला तर आज धरेल, पण ओढ बसत गेली की आटे खाऊन टाकील."

व्हर्निअर लावला तर नऊ मिलिमीटर निघाले. नऊ मिलिमीटर शिसव म्हणजे कमी नाही, पण बायपॉडचा रेटा सरळ नसतो. पायांची लांबी वीस सेंटीमीटर आणि बैठकीची कड स्टडपासून दोन-अडीच सेंटीमीटर. पायाशी एक किलोचा रेटा आला की स्टडला आठ-दहा किलोची ओढ बसते, पहारीने दगड उपटावा तशी. लाकडाचा स्क्रू हे सोसत नाही. मागे बटाला, म्हणजे खांद्याकडच्या टोकाला, जिथे भरपूर लाकूड आहे आणि फक्त पट्ट्याची ओढ आहे, तिथे तो ठीक. पुढे मशीनच्या आट्यांचा स्क्रू हवा, आणि आतून खाचेत रुतवलेला नट, रुंद टोपीचा, म्हणजे ओढ लाकडाच्या मोठ्या भागावर पसरते.

तयार नट मिळतात, पण त्यांची टोपी आमच्या खाचेपेक्षा जाड होती. ती खाचेच्या वर आली असती तर सिलिंडरला लागली असती, आणि लाकडाचा मोकळेपणा तिथेच संपला असता. वागळे इस्टेटमध्ये लेथवर एकाने पितळेचा नट वळून दिला, टोपी जेमतेम दीड मिलिमीटरची, कडा गोल केलेल्या. वागळे इस्टेट म्हणजे १९६२ साली उभी राहिलेली एमआयडीसीची पहिली वसाहत; आता तिथे काचेच्या इमारती वाढल्यात, पण अजून गल्ल्यांमध्ये एकटादुकटा लेथ चालू आहे आणि एक नट वळून द्यायला कुणी नाक मुरडत नाही. ठाण्यात राहण्याचा हा मोठा आनंद आहे.

भोक पाडायचं काम सुतारकाकांनी घाईत केलं नाही. स्टॉक लाकडी ठोकळ्यांमध्ये फडक्यात गुंडाळून धरला. पोटाला कागदी चिकटपट्टी लावली, म्हणजे पॉलिशच्या कडा उडत नाहीत. मध्यरेषा त्यांनी बाहेरून मोजली नाही; आतल्या खाचेच्या दोन्ही कडांवरून मध्य काढला आणि तो दोऱ्याने पुढच्या टोकापर्यंत नेला. कारण बाहेरचं पोट हाताने घासलेलं असतं आणि ते नेहमी मधोमध असतंच असं नाही. जागा टोकापासून साधारण सहा सेंटीमीटर मागे धरली. जितकं पुढे तितका पाया लांब आणि रायफल स्थिर, पण फार पुढे गेलं की लाकूड निमुळतं होत जातं आणि वाकतं. मग टोच्याने बारीक खूण, तीन मिलिमीटरचं भोक, आणि मग पाचचं. शिसव कठीण असतं, ड्रिल जोरात फिरवलं की आतून जळतं. काकांनी ते थांबत थांबत, भुसा बाहेर काढत चालवलं. खालून खाचेत लाकडाचा ठोकळा घट्ट बसवला होता, म्हणून ड्रिल पलीकडे निघताना कपच्या उडाल्या नाहीत. गुण्या लावून दोन बाजूंनी उभं आहे ना ते ते मधूनमधून बघत होते. नटाच्या टोपीसाठीचा खड्डा पटाशीने हाताने केला.

भोकाच्या आतल्या भिंतींना पातळ अराल्डाइट काडीने लावलं. हे काम बरेच जण टाळतात, आणि आपल्याकडे ते टाळायचं नाही. पॉलिश बाहेर असतं, पण कापलेल्या तंतूंची तोंडं भोकात उघडी राहतात आणि पावसाळ्यात हवेतला ओलावा तिथूनच लाकडात शिरतो. लाकूड लांबीला जवळजवळ फुगत नाही, आडवं मात्र चांगलं फुगतं. ओल्या लाकडापासून पूर्ण सुकेपर्यंत आडवं, वाढीच्या वलयांना समांतर दिशेने साग साधारण ५.८ टक्के आकसतो, अमेरिकन काळा अक्रोड ७.८ टक्के. तयार स्टॉकमध्ये इतका फरक पडत नाही हे उघड आहे, पण जुलै आणि मार्च यांच्यात ठाण्यात जे काही होतं ते पितळेच्या नटाभोवती ढिलं किंवा घट्ट व्हायला पुरतं. बाहेर काकांनी बेलतेलाचा, म्हणजे जवसाच्या तेलाचा, हात दिला, फडक्याने पातळ, आणि दोन दिवस सुकवलं.

स्टड बसवताना त्याचं आडवं भोक नळीला काटकोनात आलंच पाहिजे, नाहीतर बायपॉडची टोकं शिरत नाहीत. पूर्ण आवळल्यावर ते तिरकं थांबलं तर तसंच मागे फिरवू नये. पातळ वॉशर टाकून जुळवावं. आमच्या स्टडला एक पितळी वॉशर लागला. स्क्रूचं टोक खाचेत वर आलेलं नाही ना ते बोटाने बघितलं, आलं होतं केसभर, ते कानशीने घासलं.

मग सिलिंडर आणि नळी परत जागेवर आली आणि मी कोऱ्या शंभराच्या नोटेची पट्टी सिलिंडरखालून सरकवली. सहज गेली. बायपॉड लावून, चाक आवळून, रायफल टेबलावर ठेवून पुढे रेटली आणि मामाला म्हटलं, आता तू सरकव. तरी गेली. हे तपासल्याशिवाय कुणीही पुढे जाऊ नये, कारण मोकळ्या बसलेल्या रायफलीत जी फट दिसते ती भाराखाली मिटू शकते. बैठकीची रबर पॉलिशवर डाग पाडते, म्हणून मध्ये मऊ चामड्याचा तुकडा घातला. चाक हाताने आवळता येईल तितकंच. पक्कड लावायची गरज पडत असेल तर दुसरीकडे काहीतरी चुकलंय.

मुरबाडला पहिल्यांदा टेबलावर बसलो तेव्हा जे अपेक्षित होतं ते झालं. नेम जिथे लावला होता त्याच्या वरच्या बाजूला, थोडा डावीकडे ग्रुप आला. लाकडाला पायांचा दाब पहिल्यांदाच मिळत होता, मारा सरकणारच. बायपॉड लावलेल्या स्थितीत स्कोप नव्याने लावला आणि मामाला सांगितलं की आता हा काढून मारलंस तर परत वेगळं लागेल. पायाखाली गोणपाट दुमडून घातलं, कारण नुसत्या कडक लाकडावर धातूचे पाय त्या नावापुरत्या धक्क्यालाही उसळतात. मागे बटाखाली पिशवी हवीच. पुढे दोन पाय आणि मागे हलता हात असेल तर निम्मंच काम झालं. जुन्या जीन्सच्या पायाची शिवलेली पिशवी, चाळून वाळवलेली वाळू भरलेली, पाऊण भागच, म्हणजे डाव्या मुठीत दाबता येते. दाबली की बट वर येतो आणि नेम खाली जातो. सोडली की उलट. मामाच्या धरलेल्या खांद्याला एवढीच हालचाल करावी लागते, कोपर टेबलावरून उचलावं लागत नाही.

आणि छातीने रायफलीवर पुढे थोडा भार टाकायचा, पायांची ढिलाई निघेल इतकाच, आणि दर वेळी तेवढाच. मामाला हे पटकन जमलं. एनसीसीत पालथं झोपून स्लिंगचा ताण दर शॉटला सारखा ठेवायची सवय असलेल्या माणसाला भार सारखा ठेवणं म्हणजे काय हे सांगावं लागलं नाही. त्या दिवशी दुपारपर्यंत त्याने एका टार्गेटवर जे मारलं ते एकमेकांना चिकटलेलं होतं, एक छर्रा सोडून. तो कुठे गेला आणि का गेला हे त्याने मी विचारायच्या आत सांगितलं. ट्रिगर दाबताना शेजारच्या झाडावर भारद्वाज ओरडला आणि गाल उचलला गेला.

पावसाळ्यात स्टड एकदा तपासतो, ऑक्टोबरच्या उन्हानंतर एकदा. या वर्षी ऑक्टोबरमध्ये तो पाव फेरी घट्ट करावा लागला. लाकूड सुकून आकसलं होतं, अराल्डाइट शाबूत होतं. ठेवताना बायपॉड काढून ठेवतो, केसमध्ये तो लावलेला राहिला की एका बाजूला सतत दाब पडतो.

आता माझ्या रायफलीचं बघायचं आहे. तिचा स्टॉक बीच या लाकडाचा आहे, युरोपातल्या बहुतेक साध्या रायफलींचा असतो तसा. बीच सागाच्या जवळजवळ दुप्पट आकसतं आणि माझ्या स्टॉकची खाचही खोल आहे. सुतारकाकांनी व्हर्निअर लावून सहा मिलिमीटर मोजले आणि मान हलवली. इथे एक स्टड नको, आतून पितळेची लांब पट्टी आणि बाहेरून रेल, दोन स्क्रू, असं त्यांचं मत पडलं. पोट या स्टॉकचं सपाटच आहे, त्यामुळे तासायचा प्रश्न नाही. पट्टी वागळे इस्टेटला द्यायची आहे. भोकं मात्र काका दिवाळीनंतर, लाकूड नीट सुकल्यावरच पाडणार आहेत.